माणसाळणे : कर्ता कोण?

‘माणसाळणे’ हे मराठीतील अकर्मक क्रियापद आहे. एवढे एकच साधे व्याकरणिक विधान नीट ध्यानात ठेवले गेले असते, तर ह्या शब्दाच्या आधाराने मराठी गद्याने जो अहंकार मिरवला आणि जो अन्याय केला, त्यातला पुष्कळसा टळला असता. जनावर माणसाळते, त्या क्रियेचा कर्ता जनावर आहे. माणूस त्या वाक्यात आहे तो शब्दाच्या पोटात, वाक्याच्या सिंहासनावर नव्हे. परंतु पाठ्यपुस्तकांतील धड्यांपासून समाजसेवेच्या गौरवग्रंथांपर्यंत हे क्रियापद असे काही वापरले जाते, की जणू माणसाने जग जिंकले आणि त्या विजयाची नोंद म्हणून भाषेने हा शब्द त्याच्या चरणी वाहिला. हा समज चुकीचा आहे, आणि तो निरुपद्रवी नाही.

प्रथम शब्दाची घडण पाहावी. नामाला ‘-आळणे’ जोडून मराठीने क्रियापदांचा एक लहानसा, परंतु मोठा अर्थवाही वर्ग घडवला आहे : फेसाळणे, रक्ताळणे, गंधाळणे. फेसाळलेली लाट फेस होत नाही. ती लाटच राहते, तिच्यावर फेस येतो. रक्ताळलेला हात रक्त होत नाही; तो रक्ताने माखतो. त्याच न्यायाने माणसाळलेले जनावर माणूस होत नाही, माणसासारखेही होत नाही; त्याच्यावर माणसाचा संसर्ग चढतो, माणसाच्या वासाची, आवाजाची, हालचालीची भीती त्याच्या अंगातून ओसरते. मूळ जनावर जागच्या जागी राहते. ‘माणसाळणे म्हणजे माणसात येणे, माणसासारखे होणे’ हा जो सुलभ अर्थ शाळेत सांगितला जातो, तो शब्दाच्या घडणीतून निघत नाही. तो सांगणाऱ्याच्या मनातून निघतो.

आता ‘माणसाळवणे’ हे प्रयोजक रूप आहेच, आणि ते अशुद्ध नाही. परंतु मराठीतील प्रयोजकाचा स्वभाव असा की, प्रयोजक कर्ता केवळ निमित्त होतो. मूळ क्रिया ज्याची त्यालाच करावी लागते. आई मुलाला झोपवते. पण झोपायचे असते मुलाने. विदूषक प्रेक्षकांना हसवतो. हसू मात्र प्रेक्षकांचे. माणूस जनावराला माणसाळवतो, तेव्हाही भय टाकायचे असते ते जनावराने. त्याने ते टाकले नाही, तर चाबूक, साखळी आणि उपासमार ह्यांनी जे साधते त्याला मराठीत वेगळे शब्द आहेत : वठणीवर आणणे, कह्यात आणणे, नमवणे. हे शब्द कठोर आहेत आणि प्रामाणिक आहेत. जिथे कृत्य ‘नमवणे’ असते तिथे ‘माणसाळवणे’ लिहिणे, ही लेखनातील सफाई नव्हे. ती साखळीवर घातलेली मखमल होय.

ह्या क्रियापदाच्या शेजारी मराठीने आणखी एक क्रियापद ठेवले आहे, ते ‘पाळणे’. ते सकर्मक आहे; त्याचा कर्ता माणूस आहे. पण हेच क्रियापद आणखी कशाकशाला लागते ते पाहावे : शब्द पाळणे, नियम पाळणे, व्रत पाळणे, सुतक पाळणे. जे पाळायचे ते पाळणाऱ्यावर बंधन घालते. गाय पाळणारा आणि शब्द पाळणारा एकाच क्रियापदाने बांधलेले आहेत. दोघांनाही मनात आले म्हणून सोडून देता येत नाही. तेव्हा मराठीने जनावर आणि माणूस ह्यांच्यातील व्यवहार दोन क्रियापदांत वाटून दिला आहे : जनावराने माणसाळावे आणि माणसाने पाळावे. एकाने भय टाकावे, दुसऱ्याने जबाबदारी घ्यावी. आजच्या लेखनात पहिल्या क्रियापदाचे कर्तेपण माणसाने बळकावले आहे आणि दुसऱ्यातील बंधन त्याने विसरून टाकले आहे.

शेतकऱ्याची भाषा ह्या बाबतीत साहित्यिकाच्या भाषेपेक्षा अधिक काटेकोर आहे. खोंड औताला लावण्यापूर्वी त्याला वेसण घालतात, त्याला खच्ची करतात, त्याच्या मानेवर जू ठेवून त्याला सराव देतात. पळणाऱ्या जनावराच्या गळ्यात लोढणे अडकवतात. ह्यांतील प्रत्येक कृतीला स्वतंत्र शब्द आहे आणि एकाही शब्दात ती झाकलेली नाही. त्याच वेळी ‘बुजणे’, ‘चुचकारणे’, ‘गोंजारणे’, ‘लळा लागणे’ हेही शब्द त्याच गोठ्यातले आहेत. बळ आणि माया दोन्ही त्या व्यवहारात आहेत, हे कुणबी जाणतो. तो बळाला माया म्हणत नाही. वर्षातून एक दिवस तो पोळ्याला बैलाचे खांदे तुपाने किंवा हळदीने मळतो, त्याला जू लावत नाही, त्याच्यापुढे नैवेद्य ठेवतो. ह्या सणात ऋणाची कबुली आहे. आपण ह्या प्राण्याला ‘माणूस केले’ असा दावा त्यात कुठेही नाही.

हा प्रश्न केवळ महाराष्ट्रातील गोठ्यांचा नाही. रायपूरच्या वेशीवरील बीरगांव हे गाव उरल्याच्या औद्योगिक क्षेत्राने गिळलेले आहे. स्पंज आयर्नचे कारखाने, पोलाद लाटणाऱ्या गिरण्या आणि दूरदूरहून आलेला मजूर ही आज त्याची ओळख. तिथे छत्तीसगढी, हिंदी, ओडिया, भोजपुरी अशा भाषा एकाच गल्लीत नांदतात. मराठी ह्या प्रदेशाला परकी नाही : अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत छत्तीसगड ह्या ना त्या रूपात नागपूरकर भोसल्यांच्या राज्याला जोडलेला होता, १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे मराठीभाषक होते आणि दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. परंतु आज अशा वस्तीतील मराठी घरात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर दिवसभर ‘पालतू’ हा शब्द पडतो आणि घरी तो ‘पाळीव बनवणे’ असा उतरतो. ‘माणसाळणे’ त्याच्यापर्यंत पोचतच नाही, किंवा पोचले तर त्याच ‘पालतू बनाना’चे भाषांतर होऊन पोचते.

येथे दोष हिंदीचा नाही. हिंदीजवळ ‘परचना’ हे देखणे क्रियापद आहे. त्यात परिचय आहे, आणि तेही अकर्मकच आहे. जनावर माणसाला ‘परचते’, म्हणजे ओळखीचे होते. छत्तीसगडातील राउत आणि पहटिया ह्यांच्या व्यवहारातही हीच समज दिसते. गावची गुरे दैहानावर गोळा करणारा, कार्तिकात त्यांच्या गळ्यात सोहई बांधणारा हा गुराखी जनावरांना नावाने ओळखतो. ज्या अमावस्येला विदर्भात पोळा भरतो, त्याच अमावस्येला छत्तीसगडात पोरा साजरा होतो; महिन्याचे नाव श्रावण की भाद्रपद एवढाच पंचांगाचा फरक. बीरगांवच्या एखाद्या मराठी घरातले लाकडी बैल आणि शेजारच्या छत्तीसगढी घरातले मातीचे नंदिया बइला एकाच दिवशी पुजले जातात. भाषा दोन, समज एक. ही समज ज्यांना मिळालेली आहे, त्यांनी सरकारी हिंदीतला आणि वर्तमानपत्री मराठीतला ठोकळेबाज ‘पालतू’ उचलून ती हरवावी, हे दुर्दैव आहे.

शब्दांच्या ह्या ढिलाईने काय बिघडते, असे विचारले जाईल. बिघडते ते असे. शास्त्राने दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत : एखादे रानटी जनावर त्याच्या हयातीत माणसाला सरावणे, आणि एखादी जातच पिढ्यान् पिढ्या माणसाने निवडून, जोड्या लावून, वंशाने बदलणे. सायबेरियात नोवोसिबिर्स्क येथे १९५९ साली द्मित्री बेल्यायेव ह्यांनी रुपेरी कोल्ह्यांवर प्रयोग आरंभला. माणसाला कमीत कमी भिणारे कोल्हेच दर पिढीत निवडले गेले, आणि काही पिढ्यांतच शेपूट हलवणारे, माणसाकडे धाव घेणारे कोल्हे जन्मले. ते घरगुतीकरण होय. ह्याउलट हत्ती हजारो वर्षे माणसाच्या सेवेत असूनही ती जात कधी घरगुती झाली नाही. प्रत्येक पिढीत रानातून हत्ती पकडून आणावा लागला आणि प्रत्येकाला नव्याने माणसाळावे लागले. दोन्हींना ‘माणसाळवलेले प्राणी’ असे एकच लेबल लावणारे पाठ्यपुस्तक विद्यार्थ्याला गाय आणि हत्ती एकाच दावणीला बांधायला शिकवते. १९२७ चा भारतीय वन अधिनियमही तेच करतो. त्यात ‘गुरे’ ह्या संज्ञेच्या व्याख्येत हत्तीचा समावेश आहे.

कौटिल्याची भाषा ह्याहून सावध होती. अर्थशास्त्रात हत्तींचे कामानुसार चार वर्ग केले आहेत : दम्य, सांनाह्य, औपवाह्य आणि व्याल. दम्य म्हणजे ज्याला अजून शिकवायचे आहे तो. त्याचेही प्रकार आहेत. खांद्यावर माणूस बसू देणारा, खांबाला बांधू देणारा, अजून कळपातच वावरणारा, असे ते प्रकार पुढे जातात. आणि व्याल म्हणजे जो शिकवूनही वश होत नाही तो. राज्यसत्तेचा तो ग्रंथ हत्तीला लष्करी साधन मानतो हे खरे. पण न माणसाळण्याची शक्यताही तो नाव देऊन मान्य करतो. आधुनिक मराठी गद्याजवळ ‘व्याल’ला प्रतिशब्द नाही, कारण त्याला ती शक्यताच मान्य नाही.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. संस्कृतातील ‘दम्’ हा धातू, लॅटिनमधील ‘दोमारे’ आणि इंग्रजीतील ‘टेम’ हे एकाच कुळातले. जुंपण्यायोग्य गोऱ्ह्यालाही संस्कृतात ‘दम्य’ म्हणत. म्हणजे ह्या भाषाकुळात जनावर वश करण्याचा विचार दमनातून आला. मराठीने मात्र जनावरासाठी ‘दमन’ वापरायचे सोडले आणि ‘माणसाळणे’ हा स्वतःचा शब्द घडवला. ‘दमन’ तिने सत्तेसाठी राखून ठेवले. आज मराठीत दमन होते ते चळवळींचे, कामगारांचे, जनतेचे. भाषेने केलेली ही वाटणी लोकविलक्षण शहाणपणाची आहे. ती उलटी फिरवण्याचे काम लेखकांनी केले : माणसांचे दमन चाललेले असताना त्यांनी त्याला ‘माणसाळवणे’ म्हटले.

हा आरोप गंभीर आहे, म्हणून तो स्पष्ट मांडला पाहिजे. ‘रानटी टोळ्यांना माणसाळवले’, ‘जंगलातल्या आदिवासींना माणसाळवण्याचे व्रत घेतले’ अशा धर्तीची वाक्ये गौरवपर मराठी लेखनात सहज आढळतात; लिहिणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. पण जे मुळात माणूस आहेत, त्यांच्याविषयी हे क्रियापद वापरताना एक गृहीतक गुपचूप मान्य होते : ते अद्याप माणूस नव्हते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणात कोंडून हजेऱ्या घेतल्या. त्या वसाहतींचा घोषित हेतू ‘सुधारणा’ हा होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त झाल्या. कायद्याचे कुंपण गेले, शब्दाचे राहिले. गडचिरोलीतील हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला. तिथे माडिया लोकांसाठी दवाखाना आणि शाळा निघाली, आणि शिकारीत आई गमावलेल्या पिलांसाठी अनाथालयही. एकाच परिसरातील ह्या दोन कामांविषयी लिहिताना शहरी लेखणी एकच क्रियापद दोन्हीकडे वापरते, तेव्हा तिचा कौतुकाचा स्वर तिला वाचवू शकत नाही. बिबट्याचे पिल्लू माणसाळते. माडिया माणूस माणसाळत नाही. तो परक्या डॉक्टरवर विश्वास ठेवतो किंवा ठेवत नाही, आणि तो विश्वास मिळवावा लागतो. ‘मुख्य प्रवाहात आणणे’ हा नवा शब्दप्रयोगही ह्याच घरातला. फक्त त्याने कपडे बदलले आहेत.

ह्यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही. मराठी घरात बुजऱ्या मुलाविषयी ‘आता जरा माणसाळलाय’ असे म्हणतातच. परक्या गावी आलेल्या नव्या सुनेविषयीही म्हणतात. त्यात अपमान कुठे आहे? अर्थ वापराने ठरतो, व्युत्पत्तीने नव्हे. हा आक्षेप अर्धा खरा आहे. बुजऱ्या मुलाविषयी तो शब्द उच्चारणारा त्याच घरातला असतो, त्याच ताटावर बसणारा असतो. एका व्यक्तीचे बुजरेपण ओसरले एवढेच तो सांगतो, आणि ते पोर माणूस आहे ह्याविषयी कुणालाच शंका नसते. तिथे शब्द लाडाचा रूपकात्मक प्रयोग आहे. संपूर्ण जमातीविषयी, बाहेरून आलेल्या, वर उभ्या असलेल्या माणसाने तोच शब्द वापरला की रूपक संपते आणि वर्गीकरण सुरू होते. वापराने अर्थ ठरतो हे खरेच. म्हणून कोण वापरतो आणि कुणाविषयी, हे विचारणे अपरिहार्य ठरते. नव्या सुनेच्या बाबतीतही हा प्रश्न विचारला जायला हवा. शेतातून उठून उरल्याच्या भट्टीसमोर आलेल्या मजुराविषयी एखादा पर्यवेक्षक ‘महिन्याभरात माणसाळला’ असे म्हणत असेल, तर त्याने प्रत्यक्षात सांगितले आहे ते एवढेच, की तो मजूर आता उलट बोलत नाही.

जनावरांच्या बाबतीतही शब्दाचा हा सैलपणा महाग पडतो. बिबट्या उसात राहू लागला, गावाच्या कडेने फिरू लागला, की ‘बिबटे माणसाळले’ अशी ओळ छापली जाते. जुन्नर आणि अकोल्याकडील बिबट्यांच्या अभ्यासाने दाखवले आहे ते वेगळेच : बिबट्या माणसाच्या वस्तीशेजारी राहतो तो माणसाला टाळत, त्याच्या वेळा चुकवत. त्याला ‘सरावणे’ म्हणावे. सरावलेल्या जनावराला भय असते आणि हिशेबही असतो. माणसाळलेल्या जनावराने भय टाकलेले असते. हा भेद न कळलेला माणूस बिबट्याजवळ जातो, आणि मग दोघांपैकी एकाचा जीव जातो. गडचिरोलीत कमलापूरच्या वनखात्याच्या शिबिरात पिढ्यान् पिढ्या माहुतांसोबत वाढलेले हत्ती आहेत, आणि २०२१ पासून छत्तीसगडातून आलेला रानटी हत्तींचा कळपही त्याच जिल्ह्यात वावरला आहे. एकाला नारळ देता येतो. दुसऱ्यापासून रात्री जीव वाचवावा लागतो. ज्या भाषेत हे दोन हत्ती वेगळे सांगता येतात, त्या भाषेने ते वेगळे सांगितलेच पाहिजेत.

२०२५ च्या जुलैत कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी मठाची हत्तीण न्यायालयाच्या आदेशानंतर जामनगरला हलवण्यात आली आणि हजारो लोक रस्त्यावर आले. एका बाजूने लळा दाखवला गेला, दुसऱ्या बाजूने तिच्या पायांच्या जखमा आणि एकाकीपणा. दोन्ही बाजू तिला ‘माणसाळलेली’ मानत होत्या. एकीला त्यातून आपला हक्क दिसत होता, दुसरीला तिचा बंदिवास. ‘पाळणे’ ह्या क्रियापदातील व्रताचा अर्थ शिल्लक असता, तर हक्काच्या आधी कर्तव्याचा प्रश्न आला असता : जे पाळले ते नीट पाळले का?

छत्तीसगडाचा राज्यपशू रानम्हैस आहे. उदंतीच्या जंगलात ती उरली आहे बोटांवर मोजण्याइतकी, आणि इंद्रावतीच्या अलीकडे महाराष्ट्रात कोलामार्का हाच तिचा अखेरचा आसरा. गावच्या म्हशींशी संकर होऊन तिचा वंश पातळ होतो, ही तिच्यापुढील मोठी आपत्ती. जी घरगुती म्हैस माणसाने सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी ह्याच उपखंडात रानम्हशीपासून घडवली, तीच आता मूळ रानम्हशीला संपवते आहे. २०१४ साली कर्नालच्या संस्थेत उदंतीच्या मादीच्या पेशीपासून, घरगुती म्हशीच्या उदरातून, एक पारडू जन्माला घालण्यात आले. पुढे ते नव्या रायपूरच्या सफारीत आणले गेले, आणि ते खरोखर रानम्हैस आहे का, ह्याविषयी जाहीर शंका निघाल्या. २०२० पासून आसामातील मानसहून रानम्हशी आणून बारनवापारात कुंपणाच्या आत राखल्या गेल्या. रानपण वाचवण्यासाठी कुंपण, आणि कुंपणात रोज माणसाच्या हातचा चारा. हे जनावर माणसाळते आहे, की नाही? ह्या प्रश्नाचे उत्तर वनखात्याच्या अहवालातील ‘संवर्धन’ ह्या एका शब्दात मावत नाही. ते द्यायचे तर माणसाळणे, सरावणे, पाळणे आणि कोंडणे ही चार क्रियापदे चार वेगळ्या गोष्टींसाठी हाताशी असावी लागतात.

तेव्हा मागणी साधी आहे. कोशांनी ‘माणसाळणे’च्या नोंदीत कर्ता जनावर आहे हे ठळक सांगावे आणि मनुष्यसमूहाविषयीचा प्रयोग निंद्य म्हणून नोंदवावा. पाठ्यपुस्तकांनी जातीचे घरगुतीकरण आणि एका जनावराचे माणसाळणे वेगळे शिकवावे. लेखकांनी ज्या कृत्याला नमवणे म्हणतात त्याला नमवणे म्हणावे. आणि महाराष्ट्राबाहेर, बीरगांवसारख्या वस्त्यांत, मराठी शिकवणाऱ्यांनी ‘पालतू’चे भाषांतर करण्यापूर्वी शेजारच्या पहटियाला विचारावे, की गाय त्याच्यामागे का येते. तो ‘मी तिला जिंकले’ असे सांगणार नाही. ती त्याला ओळखते, एवढेच तो सांगेल. आणि त्या वाक्यातही कर्ता गायच असेल.